मदत हवी आहे : ३ टनी फोर्कलिफ्ट २४०० किलोला मागून उचलली जातेय, शनिवारच्या आत सांगा

शेड_नऊ
जळगाव एमआयडीसीत युनिट आहे. फोर्कलिफ्ट ३ टनी, डिझेल, सेकंडहँड घेतलेली. पेटीचं वजन चलनावर २४०० किलो, म्हणजे ६०० किलो अजून शिल्लक. तरी उचलली की मागची चाकं तरंगतात, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही. मेकॅनिक हायड्रॉलिक बघून गेला, ओके म्हणे. ऑइलही बदललं. टायर बदलायचे का? शनिवारी अशीच दुसरी पेटी येतेय. सुरक्षा सप्ताहातलं भाषण नको, उपाय सांगा.

पाचोरा_एक्स्प्रेस
टायर सॉलिड की हवेचे? हवेचे असतील तर आधी हवा बघा.

जुना_फिटर
टायर सोडा. पेटी किती लांब? फोर्क (पुढचे दोन दांडे) कोणत्या बाजूने घातले? अटॅचमेंट काही आहे का? आणि डेटा प्लेटवर (गाडीची क्षमता लिहिलेली पट्टी) ३००० किलोच्या पुढे काय लिहिलंय?

शेड_नऊ
पेटी पेटीसारखीच आहे हो, लाकडी. प्लेटवर आधीच्या मालकाने रंग मारलाय. वजन कमी आहे हे वर लिहिलंच आहे ना.

तापीकाठ
सोप्पं आहे भो. आमच्या रावेर भागात केळीची ट्रॉली ठासून भरली की ट्रॅक्टरचं तोंड वर होतं. मग आम्ही पुढे वजन टांगतो. तुझं उलटं, मागे टाक. रुळाचा तुकडा काउंटरवेटला (मागे तोल धरणारं वजन) वेल्ड करून घे. दोनशे रुपयांचं काम.

जुना_फिटर
दोनशे रुपयांत माणूस मारायचं काम. मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा), चेन, फोर्क, पुढचा एक्सल सगळं मूळ हिशोबाने बनलेलं असतं. मागे वजन टाकलं की मागची चाकं खाली बसतील, पण भार पुढच्या एक्सलवर तसाच, वरून रुळाचाही. आधी चाकं तरंगून इशारा तरी मिळत होता, आता थेट काहीतरी तुटेल.

तापीकाठ
वीस वर्षं ट्रॅक्टर चालवून राहिलो. पल्टी नाही झाली.

लायसन्सवाला
मूळ प्रश्न कोणी विचारतच नाहीये. गाडीचं आरटीओ पासिंग आहे का? ड्रायव्हरचं लायसन्स?

अवधान_फाटा
मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येतच फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायच्या खास गाड्या वगळल्या आहेत. आवाराबाहेर रस्त्यावर काढली तर वेगळी गोष्ट. पासिंग नसलं म्हणून कोणालाही सीटवर बसवायचं असं मात्र नाही. आमच्या धुळ्याच्या युनिटमध्ये ट्रेनिंग झालेल्याशिवाय किल्ली मिळत नाही.

लायसन्सवाला
ट्रक चालवणाऱ्याला फोर्कलिफ्टचं वेगळं ट्रेनिंग कशाला?

अवधान_फाटा
कारण ती मागच्या चाकांनी वळते. ट्रकच्या सवयीने वळवली की मागचा भाग बाहेर झुलतो आणि तिथे कोणीतरी उभा असतो.

शेड_नऊ
तुम्ही दोघे वेगळा धागा काढा. फिटरसाहेब, मोजून आलो. पेटी ६ फूट लांब, ४ फूट रुंद. बंद गाडीतून मागून काढली, म्हणून फोर्क लांबीतून घातले. फोर्क साडेतीन फुटांचेच आहेत, म्हणून बाजूच्या फॅब्रिकेटरकडून ६ फुटी खोळी बनवून चढवल्या. त्या मजबूत आहेत.

जुना_फिटर
आता बोललास. हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

३ टन म्हणजे कुठेही ३ टन नव्हे. या क्षमतेच्या गाडीत साधारणपणे वजनाचा मध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून ५० सेंमीवर असेल तेव्हाच ३ टन. पुढचं चाक म्हणजे सी-सॉचा टेकू समज. चाकापासून फोर्कच्या पाठीपर्यंत साधारण ४८ सेंमी धरू (मॉडेलनुसार बदलतं). म्हणजे गाडीची ताकद ३००० गुणिले ०.९८ मीटर (४८ अधिक ५० सेंमी), २९४०. तुझी पेटी ६ फुटी, मध्य ९० सेंमीवर. २४०० गुणिले १.३८ म्हणजे ३३१२. झालं की ओव्हरलोड! हायड्रॉलिक बिचारं उचलतंच, त्याचा दोष नाही. आणि खोळींचं वजन यात धरलेलंच नाही.

खोळ मूळ फोर्कच्या दीडपटीपेक्षा लांब नको. साडेतीनच्या दीडपट सव्वापाच, तुझी सहा. पेटीत काय आहे?

शेड_नऊ
एक्स्ट्रूडर मशीन. मोटर-गिअरबॉक्स एका टोकाला.

जुना_फिटर
कोणत्या टोकाला? पेटीवर गोलात फुली असं चिन्ह असतं, वजनाचा मध्य दाखवणारं. ते बघ.

फैजपूरची_पोर
विषय निघालाच आहे तर, बॅटरीवाली फोर्कलिफ्ट घेताना चार्जिंगच्या खोलीला हवा खेळती ठेवा. लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. खोलीत बिडी-सिगरेट, वेल्डिंग काही नको.

शेड_नऊ
ताई, आमची डिझेल आहे.

फैजपूरची_पोर
माहिती असावी म्हणून लिहिलं.

शेड_नऊ
फिटरसाहेब, चिन्ह आहे. फोर्कपासून लांबच्या टोकाकडे. पाठीपासून मोजलं तर ११० सेंमी भरतं.

जुना_फिटर
मग २४०० गुणिले १.५८, म्हणजे ३७९२. पहिली पेटी उतरली कशी, खरं सांग.

शेड_नऊ
दोन पोरं मागे काउंटरवेटवर उभी केली होती. पाच मिनिटांचं काम होतं.

अवधान_फाटा
अरे देवा.

जुना_फिटर
दोघे मिळून १३० किलो, टेकूपासून सव्वादोन मीटर धर, तर भर पडली तीनशेच्या आत. कमी पडत होते साडेआठशे (३७९२ वजा २९४०). ती पेटी कंपनीने ठेवलेल्या मार्जिनवर उतरली, पोरांच्या जिवावर नाही. पेटी अचानक खाली बसली असती तर मागचा भाग आपटला असता आणि ती दोघं कुठे फेकली गेली असती ते तूच ठरव. ड्रायव्हरने बेल्ट लावला होता का? गाडी कलंडायला लागली की माणूस उडी मारतो आणि नेमका छताच्या सळईखाली सापडतो. बेल्ट लावून, स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहायचं असतं.

पाचोरा_एक्स्प्रेस
बेल्ट मेमध्ये? सीटला हात लागत नाही इतकी तापलेली असते, पारा पंचेचाळीसला. बोलायला सोपं.

तापीकाठ
हायड्रा (फिरती क्रेन) बोलाव ना मग, एका तासाचं भाडं. आधीच सांगणार होतो.

अवधान_फाटा
आधी रूळ सांगितला होता. हायड्रालाही बूम (क्रेनचा हात) लांब केला की क्षमता घसरते, हिशोब तोच. स्लिंग (पेटी टांगायचा पट्टा) घासलेली नको, आणि झोके खाणारी पेटी टांगून आवारभर फिरवू नका. बाकी उचलणारी यंत्रं १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्यायची असतात. येणाऱ्या हायड्राचा दाखला मागून घ्या, देत नसेल तर परत पाठवा.

शेड_नऊ
हायड्रा शेडमध्ये शिरत नाही, उंची कमी आहे. पार्टीला फोन केला. शनिवारी उघडी गाडी पाठवतायत, बाजूचा फाळका खाली पडतो. मग रुंदीतून घेतली तर?

जुना_फिटर
४ फूट म्हणजे मध्य ६० सेंमीवर. २९४० भागिले १.०८, म्हणजे २७२० च्या आसपास. २४०० बसते. खोळी काढून टाक, साडेतीन फुटी फोर्क पुरतात. फक्त पेटीचा मध्य बघून फोर्क घालू नकोस. गिअरबॉक्स एका टोकाला आहे, तेव्हा दोन फोर्कच्या बरोबर मध्ये ते गोल-फुलीचं चिन्ह यायला हवं, नाहीतर पुढे नव्हे, बाजूला कलंडेल. इंचभर उचलून थांब, मागची चाकं बघ, मग पुढे. गाडीवरून निघाली की लगेच खाली घे, जमिनीपासून वीतभर, मास्ट मागे कललेला. पेटी डोळ्यांसमोर येत असेल तर रिव्हर्समध्ये चालव. फोर्कची टाचही (आडवा दांडा उभ्या पाठीला मिळतो तो कोपरा) मोज, सेकंडहँड गाडी आहे. जाडी १० टक्के झिजली असेल तर फोर्क भंगारात. मी ५० आणि ४८ अंदाजाने धरलेत, म्हणून शनिवारच्या आत चॅसी नंबर देऊन डीलरकडून लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन चालेल त्याचा तक्ता) मागव. चार्टमध्ये कमी आकडा निघाला तर पेटी उचलायची नाही.

तापीकाठ
इतकं करण्यापेक्षा पेटी गाडीवरच फोडून मशीन सुटं करून उतरवा. आणि काम झालं की भरीत पार्टी ठेव.

लायसन्सवाला
आरटीओचं उत्तर अजून पूर्ण मिळालेलं नाही.

शेड_नऊ
चार्टसाठी डीलरला मेल टाकला. खोळी काढल्या, एक अडकली होती, घणाने निघाली. फोर्क उद्या मोजतो. पण टायर बदलायचे की नाही ते कोणी सांगितलंच नाही.