मदत हवी आहे: शिसवी आरामखुर्ची आणि सहा इराणी खुर्च्या जर्मनीला कशा पाठवाव्यात?

खळ्यातला:
सावंतवाडीच्या घरातलं जुनं फर्निचर एट्सी या ऑनलाइन बाजारावर टाकायचं आहे. एक लांब हातांची शिसवी आरामखुर्ची आहे, बैठक आणि पाठ वेताच्या जाळीची, वजन २२ किलो. शिवाय इराणी हॉटेलांत असायच्या तशा वाकवलेल्या लाकडाच्या सहा खुर्च्या. हॅम्बुर्गचं एक गिऱ्हाईक सगळंच घ्यायला तयार आहे. कुरिअरवाल्याने आरामखुर्ची १८० किलोची धरून भाडं सांगितलं. ते खुर्चीच्या किमतीपेक्षा जास्त होतंय! स्वस्त मार्ग कोणता? कागदपत्रं काय लागतात? सुतार म्हणतो मेलामाइन पॉलिश मारून देतो, मारू का?

रंधा:
सुताराला आधी थांबवा. मेलामाइन चढलं की जुन्या वस्तूची अर्धी किंमत गेलीच. तिथलं गिऱ्हाईक त्या जुन्या रंगाचेच पैसे मोजतं. वरचं पॉलिश बहुधा लाखदाण्याचं असेल. पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट धरा, चिकट लागलं तर लाखच. मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं, दोन दिवस सुकवायचं आणि मेणाचा पातळ हात द्यायचा. बस्स.

लाखेच्या पॉलिशवर बबल रॅप थेट गुंडाळू नका. कंटेनरच्या उष्णतेत लाख मऊ होते आणि बुडबुड्यांचे ठसे कायमचे उमटतात. आधी जुनं सुती कापड किंवा खाकी कागद, मग बबल रॅप.

कीड तपासा. खाली काळा कागद अंथरून खुर्ची आठवडाभर हलवू नका. कागदावर पिवळसर भुकटी पडली तर भुंगा आत जिवंत आहे. फ्युमिगेशन करून घेतल्याशिवाय पेटीत घालू नका.

नाव्हाशेवा:
१८० चा हिशोब बरोबर आहे. कुरिअर लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले ५००० करतं. पेटी १२० × ७५ × १०० धरली तर १८०. म्हणजे तुम्ही हवेचं भाडं भरताय.

समुद्रमार्गे, दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये पाठवा. तिथे भाडं घनमीटरवर असतं आणि सहसा किमान १ घनमीटरचं लागतंच. वाकवलेल्या खुर्चीचा जन्मच मुळात यासाठी झाला. थोनेट या कारखानदाराची १४ नंबरची खुर्ची (१८५९) सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढीच होती. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत बसायच्या. तुमच्या सहा खुर्च्या गादीबिदी लावूनही अर्ध्या घनमीटरात मावाव्यात.

सोडवताना प्रत्येक भागाला नंबर घाला. जुनी भोकं एकेका खुर्चीपुरती बसवलेली असतात, पाय अदलाबदल झाले की खुर्ची डुगडुगते. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा. पेचकस खाचेत पूर्ण बसणारा घ्या. खाच एकदा झिजली की लाकूड फोडूनच स्क्रू काढावा लागतो.

पेटी कच्च्या लाकडाची असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा (पेट्यांच्या लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. प्लायवूडच्या पेटीला ही अट नाही, पण खालची पट्टी आणि पॅलेट साध्या लाकडाचं असेल तर त्यावर शिक्का लागतोच. लोक नेमकं हेच विसरतात आणि माल बंदरात अडकतो.

प्लास्टिकमध्ये हवाबंद करू नका. कंटेनरला आतून घाम येतो आणि बुरशी धरते. सोबत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टाका.

चपडा:
भाड्याआधी कायद्याचं बघा. तुमच्या आरामखुर्चीचं खरं कोडं शिसवीत आहे.

शिसव म्हणजे डाल्बर्जिया. २ जानेवारी २०१७ पासून ही जवळजवळ सगळी प्रजातीच साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. १० किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सूट मिळते, तुमची २२ किलोची आहे. तेव्हा इकडून परवाना लागेल, आणि युरोपात माल पोचण्याआधी गिऱ्हाइकाने तिकडचा आयात-परवाना काढलेला असायला हवा. इकडच्या परवान्याच्या जागी चालतं ते हस्तकला निर्यात संवर्धन परिषदेचं ‘वृक्ष’ प्रमाणपत्र लाकूडखरेदीच्या कागदांवर मिळतं. आजोबांच्या खुर्चीची पावती कुठून आणणार? २०१७ पूर्वीची असल्याचा पुरावा जमवावा लागेल. जुना फोटो, वाटणीपत्रातली नोंद, असं काही.

दुसरं म्हणजे वय. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं वा अधिक जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. तितकी जुनी वाटू शकेल अशा वस्तूसाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घ्या. त्यासाठी सर्व बाजूंनी फोटो लागतात. जाहिरातीत ‘दीडशे वर्षं जुनी’ असं थापू नका, तीच जाहिरात कस्टमवाला तुमच्यापुढे धरेल. एट्सीला व्हिंटेज म्हणायला २० वर्षं पुरतात.

खळ्यातला:
शिसवीचा एकही कागद नाही. इराणी खुर्च्यांच्या बैठकीच्या कड्याखाली ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असा डागलेला शिक्का आहे, त्याचा उपयोग?

चपडा:
मोठाच उपयोग. तो देश १९१८ मध्ये झाला, म्हणजे खुर्ची त्याआधीची नाही. शंभरी भरली की नाही हे फक्त १९१८ ते १९२५ च्या आसपासच्या तुकड्यालाच विचारलं जाईल. शिक्क्याचा जवळून फोटो जाहिरातीत आणि दाखल्याच्या अर्जात, दोन्हीकडे द्या. शिक्क्यात ‘ऑस्ट्रिया’ असतं तर खुर्ची १९१८ च्या आधीचीही असू शकली असती आणि गोष्ट अवघड झाली असती. आणि लाकूड बीचचं, त्यामुळे साइट्सचा संबंध नाही.

नाव्हाशेवा:
मग सहा खुर्च्या पाठवा, आरामखुर्ची मुंबई-पुण्यातच विका. परवान्याच्या फेऱ्यांत गिऱ्हाईक थांबणार नाही.

भाव सांगताना ‘हॅम्बुर्ग बंदरापर्यंत’ सांगू नका. पुढे गोदाम, हाताळणी, कस्टम एजंट आणि १९ टक्के आयात कर हे सगळं त्याच्या डोक्यावर येतं, तो माल सोडवत नाही आणि पडून राहिल्याचं भाडं एजंट तुमच्याकडे मागतो. दारापर्यंतचा भाव सांगा, कर कोण भरणार तेही लिहा.

विमा बिलाच्या ११० टक्क्यांचा, सर्व जोखमींचा घ्या. पण लाकूड सुकून तडकलं तर तो वस्तूचा अंगचा दोष धरतात, भरपाई नाही.

कागद: आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड (शुल्क ५०० रुपये), बँकेकडून एडी कोड (परकी चलन घेणाऱ्या बँकेचा क्रमांक), शिपिंग बिल (कस्टमला द्यायचं निर्यातीचं विवरण).

रंधा:
त्या तडकण्यावरून एक. कोकणातलं लाकूड पावसाळ्यात १५ टक्क्यांच्या वर ओलं असतं, जर्मनीत हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात ते ६-८ वर येतं. सांधे सैल होतात, बैठकीचा सरस सुटतो. पावसाळ्यात पॅक करू नका. दिवाळीनंतर कोरड्या खोलीत महिनाभर ठेवून मग पॅक करा. बैठक वेताची असेल तर गिऱ्हाइकाला लिहून द्या: हिवाळ्यात महिन्यातून एकदा खालच्या बाजूने ओलं फडकं.

चपडा:
आणि परताव्याचा मजकूर आत्ताच टाका. तुम्ही धंदा म्हणून विकत असाल तर युरोपच्या ग्राहकाला माल मिळाल्यापासून १४ दिवसांत तो परत करतो असं कळवायचा हक्क आहे. परतीचं भाडं त्याच्याकडे, हे आधी लिहिलं नसेल तर ते तुमच्यावर येतं.