नळीला भोकं पाडण्याआधी
निपाणीच्या दादांनी विचारलंय, रायफलच्या नळीला तोंडाजवळ भोकं पाडली तर धक्का कमी होईल का? गॅस वर सुटतो, त्यामुळे तोंड कमी उसळतं, हे खरं. पण आवाज नि झोतही वाढतो. कान झाकल्याशिवाय बार काढू नका, अंधारात तर डोळेच दिपतात.

खरी कटकट साफसफाईची. भोकांत काजळी धरते, चिंधी कडेला अडकते, द्रावण ओघळतं. चिंधी मागून पुढं ढकला, भोकं नायलॉनच्या ब्रशनं घासा, शेवटी तेलाचा हलका हात. आमच्या कणकुंबीकडच्या पावसात पाणी सरळ नळीत उतरतं की! आणि आतली कड खरखरीत राहिली तर नेमच बिघडतो. पाडलेलं भोक काही बुजत नाही, बघा. परवानाधारक कारागीर सोडून कुणाला हात लावू देऊ नका.