मदत हवी: आजोबांच्या घटस्फोटाचे कागद कुठे मिळतील?

घोडबंदरी: घराण्याची वंशावळ करतोय. आजोबांचं आधी एक लग्न झालेलं, ते मोडलं, एवढंच आत्याच्या तोंडून निसटलं. त्या बाईचं नावही घरात कोणी काढत नाही. ठाण्याच्या कोर्टात दोनदा जाऊन आलो. 'केस नंबर आणा' म्हणतात. नंबर असता तर खेटे कशाला घातले असते? लवकर सांगा, आत्या ८६ वर्षांची आहे.

नेरूळवासी: साल? गाव? धर्म?

सडेतोड: संमतीने असेल तर पटकन होतं. वकिलाची फी आधीच ठरवा. पोटगीचं लेखी घ्या.

घोडबंदरी: अहो, घटस्फोट आजोबांचा, माझा नाही! हिंदू. दुसरं लग्न १९५२ चं, पत्रिका आहे. गाव पनवेलजवळ.

नेरूळवासी: मग ठाण्यात काय शोधताय? पनवेल तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, जिल्ह्याचं मुख्य ठिकाण अलिबाग.

बेलापूरची_सून: आमचं बेलापूर मात्र ठाण्यातच हं. आणि कुलाब्याचं रायगड १९८१ ला झालं, तरी सासूबाई शेवटपर्यंत कुलाबाच म्हणायच्या.

जुना_कारकून: मुद्द्यावर या. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने हिंदूंना पहिली बायको असताना दुसरं लग्न करता येईना. घटस्फोटाचा कायदा आला १९४७ ला. म्हणजे हुकूमनामा १९४७ ते ५२ मधलाच. नंबर नसेल तर त्या वर्षांच्या दावा नोंदवह्या बघू द्या म्हणून अर्ज करा.

आगरी_बाणा: कोर्टाची पायरी कोण चढत होतं? पंचांसमोर काडीमोड, विषय संपला. रूढीतली फारकत १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही मान्य ठेवलीय, कलम २९ वाचा. नोंदवहीत धूळच मिळेल.

जुना_कारकून: सरसकट सगळ्या जातींत ती रूढी नव्हती, साहेब.

आगरी_बाणा: मग जात विचारा की त्यांना!

बेलापूरची_सून: भांडू नका. जमीन होती का? आजोबांनंतरचा वारस फेरफार, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लागल्याची नोंद, तलाठ्याकडून काढा. पहिलीची मुलं असली तर नावं सापडतील.

घोडबंदरी: फेरफार आहे माझ्याकडे. त्यावर आजी, बाबा, काका, आत्या. बाकी कोणी नाही.

नेरूळवासी: ही आत्या बाबांची सख्खी बहीण? वय ८६? आणि आजी-आजोबांचं लग्न १९५२ चं?

घोडबंदरी: हो, मग?

घोडबंदरी: थांबा. आत्याला फोन लावतो.

सडेतोड: पोटगीचं विसरू नका.