मदत हवी आहे: इंग्रजीत हॅव कुठे, हॅड कुठे आणि साधा भूतकाळ कुठे?

चाफेकळी
मंडळी, अडलेय आणि वेळ अजिबात नाही. परवा द्यायचं आहे. लिहिलेलं सगळं लाल शाईने रंगून परत आलंय आणि समासात जागोजागी एवढाच शेरा: 'टेन्स तपासा'. कुठला, का, काही नाही. बारा काळांचा तक्ता मला तोंडपाठ आहे. पण वाक्य लिहायला घेतलं की हॅव लावू, हॅड लावू की क्रियापदाचं नुसतं दुसरं रूप, इथेच गाडं अडतं. एकच पक्का नियम सांगा, जो लावला की काम झालं. 'रोज इंग्रजी पेपर वाचा' हा सल्ला कृपया नको, तेवढे दिवस हातात नाहीत.

रानवारा
द्यायचंय काय? अर्ज, निबंध, ऑफिसचा मेल, प्रबंध? आणि लाल झालेली चार वाक्यं जशीच्या तशी टाका. त्याशिवाय सगळे अंधारात बाण मारत बसतील.

घनश्यामकाका
तक्ता पाठ असणं आणि हातात बसणं वेगळं. एक क्रियापद घ्या, ते बाराही काळांत होकारार्थी, नकारार्थी आणि प्रश्नार्थी लिहा. 36 वाक्यं होतात. रोज एक क्रियापद. मी असाच शिकलो आणि पुढे अनेकांना असंच शिकवलं. याला पर्याय नाही.

चाफेकळी
काका, तक्ता येतो हे वरच लिहिलंय. रानवारा, काय द्यायचंय त्याने काय फरक पडतो? व्याकरण सगळीकडे सारखंच ना? तरी हे घ्या एक वाक्य: 'आय हॅव कलेक्टेड द सॅम्पल्स लास्ट इयर.' हे लाल झालंय. मराठीत आपण 'गेल्या वर्षी नमुने गोळा केलेत' म्हणतोच की. मग चुकलं कुठे?

भाषावेल
तुमचा प्रश्न तुम्हीच नेमका पकडलाय. मराठीत 'मी काल पाठवलंय', 'गेल्या वर्षी केलंय' बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत हॅववालं रूप, म्हणजे प्रेझेंट परफेक्ट, संपून गेलेल्या वेळेचा शब्द शेजारी बसू देत नाही. यस्टरडे, लास्ट इयर, इन 2022, टू डेज अगो, यांपैकी काहीही आलं की हॅव बाहेर. 'आय कलेक्टेड द सॅम्पल्स लास्ट इयर.' बस.

वेळ अजून चालू असेल तर मात्र हॅव चालतं. 'आय हॅव कलेक्टेड ट्वेंटी सॅम्पल्स धिस इयर' बरोबर, कारण हे वर्ष अजून संपलेलं नाही. 'आय हॅव सीन हिम धिस मॉर्निंग' हे वाक्य सकाळीच म्हणायचं. दुपार झाली की 'आय सॉ हिम धिस मॉर्निंग'.

कोरीपाटी
एवढा विचार कशाला? व्याकरण तपासणारं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, मजकूर टाका, दोन मिनिटांत दुरुस्त. मी माझे सगळे मेल तसेच पाठवतो.

भाषावेल
कोरीपाटी, या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. 'आय सेंट द फाइल' आणि 'आय हॅव सेंट द फाइल' ही दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आहेत. कुठलं हवं ते तुम्हाला काय सांगायचंय यावर ठरतं, आणि तुमच्या मनातलं सॉफ्टवेअरला कसं कळणार? 'हॅव' आणि 'लास्ट इयर' एकाच वाक्यात आले तर ते कदाचित पकडेल. लास्ट इयर आधीच्या वाक्यात असेल तर बहुतेक वेळा सोडून देईल.

धूमकेतू
मुळात बारा काळ हेच चूक शिकवलं जातं. इंग्रजी क्रियापदाचं रूप बदलून दाखवलेले काळ दोनच, वर्तमान आणि भूत. विल हे कॅन, मे, मस्ट यांच्यासारखं मोडल, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येणारं साहाय्यक क्रियापद आहे, भविष्यकाळाचं रूप नव्हे. परफेक्ट आणि कंटिन्युअस हे काळ नाहीत, क्रियेकडे बघायच्या रीती आहेत. हे कळलं की अर्धा गोंधळ जातो.

घनश्यामकाका
धूमकेतू, विद्यार्थ्याला हे सांगून काय साधणार? परीक्षेत 'फ्यूचर परफेक्ट करा' असं विचारतात, तिथे 'काळ दोनच' असं उत्तर लिहायचं का? बारा खणांचा तक्ता शिकायला सोपा आहे म्हणून टिकला.

धूमकेतू
काका, तक्ता रूपं शिकवतो हे मान्य. कुठलं रूप कधी वापरायचं हे तो सांगत नाही, आणि चाफेकळी तिथेच अडल्यात. बाराही खण पाठ असून एक वाक्य ठरवता येत नसेल तर उणीव तक्त्यात आहे, त्यांच्यात नाही.

निळाई
माझा पण एक प्रश्न विचारून घेते. आर-ई-ए-डी हे भूतकाळात रेड म्हणायचं ना? स्पेलिंग तेच राहतं, मग वाचताना कळायचं कसं?

रानवारा
हो, रेड. 'ही रीड्स'ला शेवटी एस लागतो. एस नसताना कर्ता ही, शी किंवा इट असेल तर ते भूतकाळी. बाकी ठिकाणी संदर्भावरून. पण आधी मूळ प्रश्न संपवू या. चाफेकळी, लिखाण कुठल्या प्रकारचं आहे ते अजून सांगितलं नाहीत.

चाफेकळी
प्रबंधाचं प्रकरण आहे. मातीच्या नमुन्यांवरचं. मार्गदर्शकांनी परत पाठवलंय. घ्या आणखी वाक्यं, सगळी लाल:
'द सॅम्पल्स हॅड बीन ड्राइड ॲट 105 डिग्रीज.'
'वी आर वर्किंग ऑन धिस साइट सिन्स थ्री इयर्स.'
'टेबल 2 शोड द मॉइश्चर व्हॅल्यूज.'
'व्हेन द रिझल्ट्स विल कम, वी विल कम्पेअर देम.'
आता तरी नियम सांगा.

रानवारा
हे पहिल्याच पोस्टमध्ये असतं तर सगळ्यांचाच वेळ वाचला असता. प्रबंध म्हटल्यावर चित्रच बदलतं, कारण तिथे प्रत्येक भागाचा काळ जवळपास ठरलेला असतो. मी अशी प्रकरणं वाचून दुरुस्त करून देतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही काय केलंत तो भाग: साधा भूतकाळ. 'द सॅम्पल्स वेअर ड्राइड ॲट 105 डिग्रीज.' हॅड बीन कशाला? मराठीत 'नमुने वाळवले होते' हे नुसतं जुनी गोष्ट सांगायलाही चालतं, 'मी गेलो होतो', 'मी सांगितलं होतं' तसं. त्या सवयीने आपल्याकडे इंग्रजीत हॅड फार पडतो. इंग्रजीत हॅडला दुसरी एखादी घटना लागते, जिच्या आधी हे घडलं. ती घटना वाक्यात नाही, मागच्यापुढच्या वाक्यातही नाही, तर हॅड काढा.

तक्ते आणि आकृत्या: साधा वर्तमानकाळ. 'टेबल 2 शोज', कारण तक्ता वाचणाऱ्यासमोर आत्ताही तेच दाखवतोय. पण त्याच वाक्यात निष्कर्ष आला की पुन्हा भूतकाळ: 'टेबल 2 शोज दॅट द मॉइश्चर डिक्रीज्ड विथ डेप्थ.' एका वाक्यात दोन काळ आले म्हणून घाबरू नका, ते बरोबर आहे.

आधीच्या संशोधनाचा आढावा: मोघम उल्लेख असेल तर 'सेव्हरल स्टडीज हॅव शोन'. ठरावीक वर्षाचा एक अभ्यास घेऊन त्यात काय सापडलं हे सांगायचं असेल तर साधा भूतकाळ.

दुसऱ्या वाक्यात दोन गोष्टी आहेत. काम आधी सुरू झालं आणि आत्ताही चालू आहे, म्हणून 'आर वर्किंग' नको, 'हॅव बीन वर्किंग' हवं. आपण 'तीन वर्षांपासून करतोय' असं चालू वर्तमानात बोलतो, ते तसंच उचललं गेलंय. आणि सिन्सपुढे सुरुवातीचा बिंदू येतो, फॉरपुढे लांबी. 'सिन्स 2021' किंवा 'फॉर थ्री इयर्स'. 'सिन्स थ्री इयर्स' नाही.

चौथ्यात व्हेनच्या बाजूचं विल जाणार: 'व्हेन द रिझल्ट्स कम, वी विल कम्पेअर देम.' व्हेन, इफ, आफ्टर, बिफोर, अनटिल, ॲज सून ॲज यांनी सुरू होणाऱ्या भागात भविष्य सांगायचं असलं तरी साधा वर्तमानकाळ येतो.

कोरीपाटी
पण अमेरिकन लोक तर 'डिड यू ईट येट?' म्हणतात. हॅव गाळतातच की ते. मग एवढं काटेकोर का राहायचं?

भाषावेल
ते येट, जस्ट, ऑलरेडी या शब्दांपुरतं. तिथे ब्रिटिश सहसा 'हॅव यू ईटन येट?' म्हणतात आणि अमेरिकन बोलण्यात दोन्ही चालतं. पण 'आय हॅव सेंट इट यस्टरडे' दोन्हीकडे चूकच. सवलत एकाच बाजूने आहे: हॅवच्या जागी साधा भूतकाळ चालून जातो, साध्या भूतकाळाच्या जागी हॅव नाही.

अंबरीष_क
शॅल आणि विलबद्दल कोणीच बोललं नाही. आय आणि वी यांना शॅल, बाकीच्यांना विल. निश्चय दाखवायचा असेल तर उलट. प्रबंधात हे पाळायलाच हवं.

रानवारा
हे कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगतो. तो जुना नियम आहे. आजच्या लिखाणात 'वी विल' सर्रास चालतं, त्यावर कोणी लाल रेघ मारणार नाही. चाफेकळी, शॅलच्या मागे लागू नका.

धूमकेतू
चाफेकळींनी एकच नियम मागितलाय, तर त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट सांगतो. हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने 1947 साली काळांची मांडणी तीन बिंदूंवर केली: बोलण्याचा क्षण, घटनेचा क्षण, आणि जिथून आपण घटनेकडे बघतो तो क्षण. मला आजवर भेटलेलं याहून स्वच्छ स्पष्टीकरण नाही.

साध्या भूतकाळात आपण घटनेच्या क्षणीच जाऊन उभे असतो: 'द रेन स्टॉप्ड ॲट फाइव्ह.' हॅववाल्या रूपात घटना मागे, पण आपण आत्ताच्या क्षणात उभे राहून तिच्याकडे बघतो: 'द रेन हॅज स्टॉप्ड', म्हणजे आता निघता येईल. म्हणूनच त्याला यस्टरडे चालत नाही. यस्टरडे आपल्याला कालमध्ये नेऊन उभं करतो. हॅडमध्ये आपण भूतकाळातल्या एका क्षणी उभे राहून त्याच्याही मागे बघतो: 'व्हेन वी लेफ्ट, द रेन हॅड स्टॉप्ड.'

वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा, मी कुठे उभी राहून बघतेय? उत्तर आलं की रूप आपोआप ठरतं.

घनश्यामकाका
हे मात्र मला पटलं. तक्त्यातल्या प्रत्येक खणाशेजारी 'कुठून बघतोय' असा एक रकाना वाढवायला हवा. पण रूपं आधी पाठ हवीत या मतावर मी ठाम आहे. नाहीतर बिंदू कळेल आणि 'हॅज स्टॉप' लिहिलं जाईल.

निळाई
धूमकेतू, याच तऱ्हेने 'यूज्ड टू'चंही सांगाल का? 'मी तिथे जायचे' हे नेहमी 'आय वॉज गोइंग' असं लिहिलं जातं.

धूमकेतू
'आय यूज्ड टू गो देअर.' जायचे, जात असे, अशी जुनी सवय म्हटली की यूज्ड टू. वॉज गोइंग तेव्हा, जेव्हा जाणं अर्ध्यात असताना मध्येच काही घडतं: 'आय वॉज गोइंग होम व्हेन इट स्टार्टेड रेनिंग.'

चाफेकळी
रानवारा, धूमकेतू, भाषावेल, मनापासून आभार. प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचून काढलं. सगळे हॅड उडवले. 'कुठून बघतेय' हा प्रश्न लावला की बहुतेक वाक्यं लगेच सुटतायत. साइटच्या वर्णनातला एक तुकडा टाकते, नजर टाका:
'वी हॅव बीन वर्किंग ऑन धिस साइट सिन्स 2021. व्हेन वी टुक द फर्स्ट सॅम्पल्स, द फील्ड वॉज फर्टिलाइज्ड. द सॅम्पल्स वेअर ड्राइड ॲट 105 डिग्रीज अँड वेड. टेबल 2 शोज द व्हॅल्यूज.'

रानवारा
दुसरं वाक्य थांबवा. तिथे आधी काय होतं? आणि शेताला खत नमुने घेण्याआधी घातलं होतं की घेतल्यानंतर?

चाफेकळी
आधी 'हॅड बीन फर्टिलाइज्ड' होतं. हॅड काढा म्हणालात म्हणून काढलं. खत आम्ही जायच्या कितीतरी आधी घातलेलं होतं. तेच तर सांगायचंय, नायट्रोजनचे आकडे त्यामुळेच जास्त आलेत.

रानवारा
मग इथे हॅड परत आणा. दुसरी घटना वाक्यातच आहे, नमुने घेणं, आणि खत त्याच्या आधीचं. आत्ता जे लिहिलंय त्याचा अर्थ तुम्ही नमुने घेतले तेव्हाच खत घातलं गेलं असा निघतो, आणि परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. 'व्हेन वी टुक द फर्स्ट सॅम्पल्स, द फील्ड हॅड ऑलरेडी बीन फर्टिलाइज्ड.' बाकीचे काढलेले हॅडही याच नजरेने एकदा बघून घ्या. शेजारी दुसरी घटना असेल तर ठेवा. उरलेल्या तीन वाक्यांना हात लावू नका.