मदत हवी आहे : बिटकॉइनची शिल्लक गावापासून खासगी ठेवायची आहे – मिक्सर, कॉइनजॉइन की एक्स्चेंज?

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील विटा येथे राहतो. २०२१ मध्ये एका भारतीय एक्स्चेंजवर (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचावर) घेतलेले बिटकॉइन मी स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवले आहेत. दिवाळीत त्यांतील थोडे धाकट्या भावाला पाठवले. त्याच्या एका मित्राने तो व्यवहार ब्लॉक एक्स्प्लोररवर (बिटकॉइनचे सर्व व्यवहार कोणालाही दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) उघडला, आणि भावाला दिलेला भाग वजा जाता उरलेली रक्कम ज्या पत्त्यावर परत आली, ती शिल्लक त्याला सरळ दिसली. आता तो आकडा गावात अनेकांना ठाऊक आहे. घरी वृद्ध आई-वडील एकटे असतात, त्यामुळे मला याची खरोखर काळजी वाटते.

प्राप्तिकर खात्यापासून मला काहीही लपवायचे नाही. विवरणपत्रातील शेड्यूल व्हीडीए (आभासी डिजिटल मालमत्तेचा तक्ता) मी भरतो आणि विक्रीच्या नफ्यावरील ३० टक्के करही भरतो. माझा प्रश्न केवळ ओळखीच्या लोकांच्या नजरेपुरता आहे.

आमच्या भागातील गलाई व्यावसायिकांच्या (सोने-चांदी वितळवून शुद्ध करणाऱ्यांच्या) मुशीत दोन घरांचे सोने एकत्र वितळले, की कोणता कण कोणाचा हे कोणीही सांगू शकत नाही. बिटकॉइनला ती सोय मुळातच नाही. मिक्सर, म्हणजे अनेकांची नाणी एकत्र करून परत देणाऱ्या सेवा, ती बाहेरून पुरवू पाहतात. परंतु वाचत गेलो तसे लक्षात आले, की येथे गोपनीयता मिळते ती कोणावर तरी विश्वास टाकूनच. ज्या सेवेच्या ताब्यात नाणी द्यावी लागतात, तिचा चालक ती घेऊन नाहीसा होऊ शकतो किंवा नोंदी जपून ठेवू शकतो. २०१९ च्या मे महिन्यात नेदरलँड्सच्या तपासयंत्रणेने युरोपोलच्या साहाय्याने बेस्टमिक्सर हा असाच एक मिक्सर बंद केला, तेव्हा वापरकर्त्यांचे आयपी पत्ते, बिटकॉइनचे पत्ते, व्यवहारांचा तपशील आणि संभाषणेसुद्धा तपासयंत्रणेच्या हाती आली. हा मार्ग मी सोडून दिला आहे.

ग्रेगरी मॅक्सवेल यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या कॉइनजॉइनमध्ये नाणी आपल्या ताब्यातून जात नाहीत. अनेकांच्या रकमा एकाच व्यवहारात येतात व समान आकाराचे भाग होऊन बाहेर पडतात, त्यामुळे कोणता भाग कोणाचा हे ओळखणे कठीण होते. तरीही समान भागांत न बसलेली उरलेली रक्कम मागोवा घेण्याजोगी राहते, आणि पुढे ती मिसळलेल्या नाण्यांसोबत एकाच व्यवहारात खर्च केली, तर केलेले सगळे श्रम वाया जातात. शिवाय कॉइनजॉइन ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सार्वजनिक नोंदवहीत, सहज ओळखू येतो. मार्च २०२३ पासून आपल्याकडील एक्स्चेंज मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत. अशी नाणी उद्या विक्रीस नेली आणि खाते रोखून खुलासा मागितला, तर जुनी खरेदीची पावती व माझ्या वॉलेटमधील नोंदी पुरेशा ठरतील का? कॉइनजॉइनची सोय देणाऱ्या सामुराई वॉलेटच्या संस्थापकांना अमेरिकेतील आरोपांवरून एप्रिल २०२४ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी १ जूनला वसाबी या तशाच वॉलेटच्या मूळ कंपनीने कॉइनजॉइन जुळवून देणारी आपली समन्वय सेवा थांबवली, हे पाहता ही शंका मला निराधार वाटत नाही.

तिसरा मार्ग साधा आहे. नाणी एक्स्चेंजवर जमा करावीत, न विकता काही दिवसांनी वेगवेगळ्या रकमांत नव्या पत्त्यांवर काढून घ्यावीत. एक्स्चेंजच्या सामाईक साठ्यातून आलेल्या नाण्यांचा माझ्या जुन्या पत्त्याशी असलेला संबंध भावाच्या मित्राला दिसणार नाही, एक्स्चेंजला मात्र दिसेल, आणि त्याला माझी हरकत नाही. माझा कल इकडेच आहे. अडचण एवढीच, की तेवढे दिवस सगळी पुंजी दुसऱ्याच्या ताब्यात राहील. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरील चोरीनंतर ग्राहकांचे पैसे किती काळ अडकले, हे आपण पाहिले आहे.

म्हणून जाणकारांना विनंती आहे. सध्या कोणते भारतीय एक्स्चेंज बाहेरून आलेले बिटकॉइन स्वीकारतात आणि विनाअडथळा स्वतःच्या वॉलेटमध्ये काढूही देतात? रक्कम थोडी थोडी करून पाठवल्यास जोखीम कमी होईल, पण जुन्या पत्त्यावरून वारंवार जाणाऱ्या रकमा लोकांना दिसत राहतील. यांपैकी आपण काय पत्कराल? आणि कॉइनजॉइन केलेली नाणी ज्यांनी नंतर भारतात विकली आहेत, त्यांच्याकडे कोणती कागदपत्रे मागितली गेली, हे कृपया सविस्तर लिहावे.