मदत हवी आहे: दादा डॉक्टरकडे यायला तयारच नाही (यवतमाळ जिल्हा)

माझा चुलत दादा, वय ४१, कोरडवाहू कापूस करतो, कर्ज बँकेचं पण आहे आणि सावकाराचं पण. हल्ली झोप नाही, दारू वाढलीय, कुणाशी बोलत नाही, आणि आता बैलजोडी अगदी मातीमोल भावात देऊन टाकली, वर सातबारा अन् विम्याची कागदं वहिनीच्या हातात देऊन म्हणाला "तुले माहीत असू दे". नुसतं कर्जाचं टेन्शन असं मला तरी वाटत नाही.

मी सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का (विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट माणूस मोकळा होतो). म्हणाला येतात कधीकधी, पण ठरवलं काही नाही. फवारणीची औषधं घरातून, शेतातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवलीत, रात्री कुणीतरी सोबत असतंच. टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर मी आणि वहिनी बोललो, चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात, पण दादा स्वतः फोनच घेत नाही. डॉक्टर म्हटलं की "मी का पागल आहो का?"

प्रायव्हेटला पैसे नाहीत. कर्जाचं वेगळं बघतोय, त्यावर सल्ला नको. एकदम वाईट वाटलं तर वाट न बघता सरकारी दवाखान्यात नेणारच आहोत. मी पुण्यात असतो, शनिवारी गावी जातोय.

ज्यांनी घरच्या अशा माणसाला तयार केलंय त्यांनी नेमकं काय बोलून केलं, आणि आशाताई किंवा सरकारी समुपदेशक घरी येऊन बोलावेत म्हणून आधी कुणाला भेटू?