मदत हवी आहे: लहानपणी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या भावाची फाईल पुरात गेली

आम्ही चिपळूणचे. धाकट्या भावाला २००३ मध्ये, सातव्या वर्षी ल्युकेमिया झाला. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अडीच वर्षं उपचार चालले, डोंबिवलीला आत्याकडे राहून. पूर्ण बरा झाला. आता टेम्पो चालवतो, आणि घरात तो विषय कोणी काढत नाही.

यंदा शिमग्याला पालखी नाचवताना मध्येच खांदा काढून सहाणेच्या पायरीवर जाऊन बसला. ढोल चालूच. मी पाणी घेऊन गेले तर म्हणे, "काही नाही गं ताई, ऊन लागलं." रात्रीचे अकरा वाजले होते!

इथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. नॉर्मल आहे, कॅन्सर जाऊन इतकी वर्षं झाली, आता त्याचा काय संबंध, म्हणाले. मग मीच वाचत बसले. अमेरिका-कॅनडात १९७० ते १९८६ मध्ये कॅन्सर झालेल्या मुलांचा मोठा अभ्यास आहे. २००६ साली आकडे आले: १०,३९७ जण, सरासरी वय सव्वीस-सत्तावीस. ६२ टक्क्यांना काही ना काही जुनाट दुखणं, २७.५ टक्क्यांना गंभीर. तुलनेला त्यांचीच सख्खी भावंडं घेतलेली. म्हणजे माझ्यासारखी. तिथे फोन बाजूला ठेवला थोडा वेळ.

तेव्हाचे उपचार जास्त जहाल होते, आकडे जसेच्या तसे आमच्या पोराला लागू नाहीत, एवढं कळतं. पण त्याला ते लाल इंजेक्शन दिलं होतं (लघवी लाल झाली तेव्हा आईने वॉर्ड डोक्यावर घेतला होता). त्याने पुढे हृदयाचे स्नायू कमकुवत होऊ शकतात, आणि एकूण किती दिलं याला फार महत्त्व आहे.

तो हिशोब फाईलमध्ये होता. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर फाईल गच्चीवर वाळत घातली. शाई गेलेली, कागद पापडासारखे. आता हॉस्पिटलकडून मिळेल का? केस नंबरही आठवत नाही. त्यात भाऊ यायला तयार नाही. त्याच्यासाठी स्थळं बघतोय, गावात बोभाटा होईल म्हणतो.

खाडीकाठ: ताई, फाईलसाठी थांबू नका. दम लागतोय तर आधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, या आठवड्यातच. हृदय रक्त किती जोराने ढकलतंय ते ईसीजीत कळत नाही. लहानपणी केमो झालीय हे आधीच सांगा, नाहीतर तरुण पोरगा बघून ॲसिडिटीची गोळी देतील.

आंबोळी: माझी मुलगी मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या ॲक्ट क्लिनिकला जाते, उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून आहे ते. तुम्ही तुमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात नाव, जन्मतारीख, वर्ष देऊन बघा. ती लाल इंजेक्शनं, म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन, किती दिली ते वेगवेगळं मागा, अंगाच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिलिग्रॅममध्ये. डॉक्सोरुबिसिन २५० किंवा वर गेलं असेल तर त्रास नसतानाही दर दोन वर्षांनी इको सांगतात. छातीला शेक (रेडिएशन) दिले असतील तर तेही विचारा. स्थळाचं म्हणाल तर आम्ही जावयाला आधीच सांगितलं. दर दोन वर्षांनी इकोला काय चोरून जाणार?

धागाकर्ती: गुरुवारी इको आहे. 'दर दोन वर्षांनी चोरून' वाचून दाखवलं, हसला आणि तयार झाला. केस नंबर आत्याच्या जुन्या टेलिफोन डायरीत सापडला, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीने मुंबई.